खालचं वर

अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात, फ्लॅगस्टाफ आणि विन्स्लो या गावांच्या मधल्या ओसाड माळावर एक खड्डा आहे. रुंदी सुमारे १.२ किलोमीटर, खोली १७० मीटरच्या आसपास. त्याचा कडा खालून वर वाचत गेलं तर आधी फिकट वालुकाश्म लागतो, मग चुनखडक, मग तांबूस वालुकाश्म. इथवर सगळं रीतसर आहे. पण त्या तांबूस थरावर पुन्हा एकदा तांबूसच खडक येतो, त्यावर पुन्हा चुनखडक आणि सगळ्यात वर तोच फिकट वालुकाश्म. थर तेच तीन, क्रम मात्र उलटा. घडी घातलेली गोधडी कुणीतरी काठाला धरून बाहेरच्या बाजूला पालथी टाकावी तसा.

जे खाली ते आधीचं, जे वर ते नंतरचं, हा नियम साडेतीनशे वर्षांपूर्वी निकोलस स्टेनोनं टस्कनीतले खडक बघून मांडला. भूशास्त्राच्या पहिल्या वर्षाला तो एका तासात शिकवून होतो आणि पोरं परीक्षेपुरता पाठ करतात. मीही बरीच वर्षं तो तसाच शिकवला. यूजीन शूमेकर या अमेरिकी भूशास्त्रज्ञानं आयुष्यभर या नियमापलीकडं काही केलं नाही असं म्हटलं तर त्यांच्यावर अन्याय होईल, पण थोडाच. वाळवंटात असोत, चंद्राच्या फोटोंपुढं असोत, त्यांचा पहिला प्रश्न एकच असायचा: वर काय आहे आणि खाली काय? जग त्यांना ओळखतं ते गुरूवर आदळलेल्या शूमेकर-लेव्ही ९ या धूमकेतूमुळं. माझ्या लेखी तो धूमकेतू त्यांच्या कामाचा सगळ्यात झगमगीत आणि त्यातल्या त्यात कमी महत्त्वाचा भाग आहे. हे असं का म्हणतो ते सांगायचं तर जरा मागून यावं लागेल.

तो खड्डा उल्केचा की जमिनीच्या पोटातल्या स्फोटाचा, हा वाद शूमेकरांच्या कितीतरी आधीपासून चालू होता, आणि चुकीच्या बाजूला चांगला मोठा माणूस उभा होता. ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट, अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मुख्य भूशास्त्रज्ञ. १८९१ साली ते तिथं पोचले तेव्हा आजूबाजूला लोखंडी उल्कांचे तुकडे विखुरलेले होते. गिल्बर्टनी दोन कसोट्या लावल्या. खाली लोखंडाचा गोळा पुरलेला असेल तर चुंबकसूची हलायला हवी. आणि काठावरचा सगळा माल मनातल्या मनात खड्ड्यात परत भरला, तर त्या गोळ्याच्या आकाराइतका माल उरायला हवा. सुई हलली नाही, मालही उरला नाही. गिल्बर्टनी निकाल दिला की हा वाफेचा स्फोट. पद्धतीत खोट काढायला जागा नाही. फक्त सेकंदाला दहा-पंधरा किलोमीटर वेगानं येणारा गोळा जमिनीत पुरला जात नाही, त्याचा बहुतेक भाग वितळून आणि वाफ होऊन जातो, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. यातली गंमत अशी की याच गिल्बर्टनी दोन वर्षांनी चंद्रावरचे खड्डे धडकांमुळं झाले असं छापून ठेवलं.

त्यानंतर आले डॅनियल बॅरिंजर, फिलाडेल्फियाचे खाणवाले. त्यांना खड्डा उल्केचाच आहे अशी खात्री होती आणि खाली लाखो टन लोखंड आहे अशीही. १९०३ पासून पाव शतकाहून जास्त काळ ते तिथं भोकं पाडत राहिले, पैसा ओतत राहिले. १९२९ साली मोल्टन या खगोलशास्त्रज्ञानं गणित करून दाखवलं की काढण्याजोगं लोखंड खाली उरलेलंच नाही. त्यानंतर लवकरच हृदयविकाराच्या झटक्यानं बॅरिंजर गेले. खड्ड्याचं त्यांचं म्हणणं बरोबर, लोखंडाचं चूक. गिल्बर्टचं नेमकं याच्या उलट.

शूमेकरांचा जन्म १९२८ चा, लॉस एंजेलिसचा. कॅलटेकमधून एकोणिसाव्या वर्षी पदवी, १९४८ पासून भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरी, काम कोलोरॅडो आणि यूटाच्या पठारांवर युरेनियम शोधण्याचं. त्याच वर्षी, म्हणजे स्पुटनिकच्या नऊ वर्षं आधी, त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं की आपल्या हयातीत माणूस चंद्रावर जाणार, आणि तिथं पाठवायला भूशास्त्रज्ञाइतका लायक दुसरा कोण? वीस वर्षांच्या पोराचं हे खूळ, पण पुढचा प्रत्येक निर्णय त्यांनी त्याच्याकडं एक डोळा ठेवून घेतला.

नोकरीच्या निमित्तानं ते नेव्हाडातल्या यका फ्लॅटवर गेले. तिथं अमेरिका अणुचाचण्या करत होती. जमिनीत थोड्या खोलीवर उडवलेल्या बाँबनं झालेले खड्डे त्यांनी फुटाफुटानं नकाशात उतरवले. ‘टीपॉट एस’ नावाच्या खड्ड्याच्या काठावर थर पालथे पडलेले होते, अगदी अ‍ॅरिझोनासारखे. ज्वालामुखीचे खड्डे त्यांना परके नव्हते, हॉपी ब्यूट्सच्या भागात त्यांनी ते नीट तपासलेले होते, आणि त्यांची ठेवण निराळी होती. एका क्षणात, एका बिंदूपासून सुटलेल्या धक्क्यानंच जमीन अशी उलटते. उल्केचं कोडं सुटायला अणुबाँब लागावा, हे विसाव्या शतकालाच शोभून दिसतं. या खड्ड्यावरच त्यांनी १९६० साली प्रिन्स्टनची पीएचडी मिळवली.

त्याच वर्षी दुसरा पुरावा हाती आला. लोरिंग कोएस या रसायनशास्त्रज्ञानं १९५३ साली प्रयोगशाळेत प्रचंड दाबाखाली गारगोटीचंच एक वेगळं, घट्ट रूप तयार केलं होतं. त्याला कोएसाइट म्हणतात. एडवर्ड चाओ, शूमेकर आणि बेथ मॅडसन यांना अ‍ॅरिझोनाच्या खड्ड्यातल्या वालुकाश्मात हेच खनिज सापडलं. जमिनीवर इतका दाब ज्वालामुखी देऊ शकत नाही. म्हणजे कुठल्याही संशयित खड्ड्याला विचारण्याजोगा प्रश्न तयार झाला. शूमेकर लगेच जर्मनीत पोचले. बव्हेरियातल्या रीस नावाच्या, चोवीसेक किलोमीटर रुंदीच्या वाटोळ्या खोलगटात नॉर्डलिंगेन हे जुनं गाव वसलेलं आहे. तो खोलगट भाग ज्वालामुखीचा, असं बहुतेक जण धरून चालले होते. तिथल्या दगडात कोएसाइट निघालं. गावातलं सेंट जॉर्जचं चर्चही त्याच दगडाचं, म्हणजे धडकेत वितळून पुन्हा घट्ट झालेल्या मालाचं. शेकडो वर्षं लोक त्या भिंतींच्या आत प्रार्थना करत होते आणि सगळा पुरावा भिंतीतच होता.

इथं मला लोणारकडं वळावंच लागतं. बुलढाणा जिल्ह्यातल्या या सरोवराची नोंद सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानं १८२३ साली केली. त्याआधीपासून लवणासुराची गोष्ट आणि दैत्यसूदनाचं देऊळ होतंच. अ‍ॅरिझोनाच्या खड्ड्यावरच्या आपल्या लेखात, १८९६ साली, गिल्बर्टनी लोणारशी त्याचं साम्य नोंदवलं होतं, पण ते वाफेच्या स्फोटाच्या बाजूनं. लोणार उल्केचं असावं अशी शंका लाफाँड आणि डिएत्झ यांनी १९६४ साली छापली. मग सरळ कोएसाइट शोधायचं ना? तर इथं ती किल्ली लागत नव्हती. कोएसाइट बनायला गारगोटी हवी, आणि आपला दख्खनचा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट. त्यात गारगोटीच्या नावानं जवळजवळ शून्य.

मग बेसाल्टात जे मुबलक असतं, त्या प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार या खनिजाकडं बघायचं ठरलं. जबर धक्का बसला की त्याचे स्फटिक न वितळता काचेसारखे होतात. या काचेला मास्केलिनाइट म्हणतात, आणि ती पहिल्यांदा ओळखली गेली १८७२ साली, १८६५ मध्ये बिहारमधल्या शेरघाटीजवळ पडलेल्या उल्केत. पुढं कळलं की ती उल्का मंगळावरची आहे. स्मिथसोनियनचे कुर्ट फ्रेड्रिक्सन, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दुबे आणि बालसुंदरम आणि अमेरिकी सर्वेक्षणाचे डॅनियल मिल्टन यांनी लोणारच्या खडकात मास्केलिनाइट दाखवलं, त्यावरचा निबंध १९७३ साली प्रसिद्ध झाला आणि वाद मिटला. शूमेकरांचा त्या निबंधाशी थेट संबंध नाही. पण खड्ड्याचा आकार बघून वाद घालण्यापेक्षा धक्क्याची खूण दगडाच्या कणात शोधायची, ही सवय कुठून आली ते उघड आहे. त्यातून चंद्राचे काळे सपाट भागही बेसाल्टचेच. म्हणून बेसाल्टात झालेलं, नीट टिकलेलं हे विवर चंद्राचा अभ्यास करणाऱ्यांना इतकं मोलाचं वाटतं.

लोणारच्या काठावरही थर बाहेरच्या बाजूला पालथे झालेले दिसतात, मात्र ते ओळखायला डोळा तयार व्हावा लागतो. अ‍ॅरिझोनात तीन रंगांचे तीन खडक आहेत. आपल्याकडं एका लाव्ह्यावर दुसरा लाव्हा, दोन्ही काळे. विद्यार्थ्यांना घेऊन त्या उतारावर मी बराच वेळ घालवला आहे. लाव्ह्याच्या थराचा माथा साधारणपणे पोकळ्यापोकळ्यांचा, कधी तांबूस असतो. तो खालच्या अंगाला दिसला की समजायचं, थर उलटलाय. एखाद्या मुलीच्या ते लक्षात येतं आणि ती बाकीच्यांना ओरडून बोलावते, तेवढ्यासाठी ती उन्हातली पायपीट सोसायची. आणि हो, सरोवराच्या तळाशी लोखंडाचा मोठा गोळा आहे, असं सांगणारा वाटाड्या तिथं हमखास भेटतो. तो होकायंत्राची सुई हलवूनही दाखवतो. सुई हलते कारण बेसाल्टातच मॅग्नेटाइट असतं. पण बॅरिंजर इतकी वर्षं ज्या आशेवर जगले, तीच आशा बुलढाण्यात ऐकायला मिळते, म्हणून मी त्याला मध्येच तोडत नाही.

आता चंद्र. माझ्या मते शूमेकरांचं खरं काम ते हे. १९६० च्या सुमाराला खगोलशास्त्रज्ञांचा चंद्रातला रस बराचसा आटलेला होता. दूरच्या दीर्घिकांपुढं त्याची काय मातब्बरी? शूमेकरांनी दुर्बिणीतून घेतलेले फोटो पुढं ठेवले आणि कोपर्निकस विवराच्या भोवतीचा नकाशा काढायला घेतला, जणू काही ते यूटातलं एखादं खोरं आहे. कोपर्निकस ९३ किलोमीटर रुंदीचं. त्याच्यातून उडालेल्या मालाचे पांढरे पट्टे चहूकडं पसरलेले आहेत. हे पट्टे शेजारच्या इराटोस्थेनिस विवरावरून जातात. म्हणजे कोपर्निकस नंतरचं. इराटोस्थेनिस ज्या काळ्या लाव्ह्यात खणलं गेलं तो लाव्हा त्याच्या आधीचा. आणि तो लाव्हा ज्या प्रचंड इम्ब्रियम खोऱ्यात भरला ते खोरं त्याहून आधीचं. झालं. दगडाचा एक कण हाती नसताना चंद्राचा इतिहास क्रमवार मांडून झाला. रॉबर्ट हॅकमन यांच्यासोबतचा हा निबंध १९६२ साली छापून आला. अपोलोनं दगड आणल्यावर या क्रमाला वर्षांचे आकडे मिळाले. कोपर्निकसच्या पट्ट्यातल्या मानल्या गेलेल्या मालावरून त्या विवराचं वय सुमारे ८० कोटी वर्षं ठरलं. क्रम मात्र ठरलेलाच होता. कोपर्निकसचा काळ, इराटोस्थेनिसचा काळ, इम्ब्रियमचा काळ ही नावं आजही चंद्राच्या नकाशांवर आहेत. मंगळ, बुध, गुरूचे चंद्र यांचे भूशास्त्रीय नकाशेही पुढं याच रीतीनं निघाले.

१९६१ साली सर्वेक्षणात खगोलभूशास्त्राची स्वतंत्र शाखा निघाली, प्रमुख अर्थातच शूमेकर. दोनेक वर्षांत ती फ्लॅगस्टाफला गेली, उल्केच्या खड्ड्यापासून हाकेच्या अंतरावर. आणि तेव्हाच, १९६३ मध्ये, त्यांना अ‍ॅडिसन रोग असल्याचं निदान झालं. मूत्रपिंडावरच्या ग्रंथी नीट काम करत नाहीत, जन्मभर औषध. अंतराळवीर होणं संपलं. माणूस चंद्रावर पाठवू असं ज्यांनी जाहीर केलं होतं त्या केनेडींनाही हाच रोग होता, हे तेव्हा लोकांना माहीत नव्हतं.

शूमेकरांनी मग दुसऱ्यांना तयार करायचं काम अंगावर घेतलं. अपोलोच्या वैमानिकांना खड्ड्यात उतरवलं, खडक बघायला शिकवलं. फ्लॅगस्टाफजवळच्या राखेच्या माळावर सुरुंग लावून चंद्रावरच्या उतरण्याच्या जागेची हुबेहूब नक्कल केली गेली. माणसांआधी चंद्रावर उतरवलेल्या सर्व्हेयर यानांच्या कॅमेऱ्यांचं काम त्यांच्याकडं होतं, पहिल्या अपोलो मोहिमांच्या भूशास्त्राचं नेतृत्वही. तरी समाधान नव्हतं. माणसं चंद्रावर उतरली त्याच वर्षी त्यांनी उघडपणे बोलून दाखवलं की या सगळ्या उठाठेवीत विज्ञानाला जागाच ठेवलेली नाही. नासात ते कुणाला आवडलं नसणार. मला त्यांचं म्हणणं पटतं. पण ते थोडे उतावळेही झाले असावेत, कारण शेवटच्या तीन मोहिमा भूशास्त्राच्या दृष्टीनं खरोखर भरघोस झाल्या, आणि डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ मधून जे हॅरिसन श्मिट चंद्रावर चालले ते फ्लॅगस्टाफला शूमेकरांच्याच हाताखाली काम केलेले भूशास्त्रज्ञ होते.

ते स्वतः आता खड्ड्याकडून खड्डा पाडणाऱ्यांकडं वळले. पृथ्वीची वाट ओलांडणारे लघुग्रह आहेत तरी किती? १९७३ साली एलेनॉर हेलिन यांच्याबरोबर त्यांनी कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या ४६ सेंटिमीटरच्या, श्मिट जातीच्या लहान दुर्बिणीवर शोध सुरू केला. यूजीन शूमेकरांच्या पत्नी कॅरोलिन या कामात आल्या त्या १९८० च्या सुमाराला, पन्नाशी ओलांडल्यावर, मुलं मार्गी लागल्यानंतर. शिक्षण इतिहास, राज्यशास्त्र आणि इंग्रजी साहित्याचं. थोडे दिवस शाळेत शिकवलं, ते आवडलं नाही. त्यांचं काम असं: आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या वेळाच्या अंतरानं घेतलेले दोन फोटो जोडभिंगाखाली शेजारी ठेवायचे. तारे सपाट दिसतात, पण मधल्या वेळात सरकलेली वस्तू ताऱ्यांच्या वर तरंगल्यासारखी दिसते. कॅरोलिननी अशा बत्तीस धूमकेतूंचा आणि शेकडो लघुग्रहांचा शोध लावला. लोक आजही ‘शूमेकर’ म्हटलं की यूजीनचं, म्हणजे जीनचं, नाव घेतात. त्या धूमकेतूच्या नावातला शूमेकर हा शब्द खरं तर आधी कॅरोलिनचा धरायला हवा.

मार्च १९९३ मधल्या त्या रात्री ढग होते, आणि हाताशी होती ती फिल्म कुणीतरी डबा उघडल्यामुळं कडेनं काळवंडलेली. चांगली फिल्म असल्या रात्री वाया का घालवायची म्हणून शोधातले सहकारी डेव्हिड लेव्ही यांच्या आग्रहावरून तीच वापरली. दोन दिवसांनी कॅरोलिनना त्यावर गुरूजवळ एक चिरडल्यासारखा धूमकेतू दिसला. तो १९९२ मध्ये गुरूच्या फार जवळून जाताना तुटला होता. तुकड्यांची माळ झाली होती आणि ती माळ परत गुरूवरच येत होती.

१६ ते २२ जुलै १९९४. वीसेक तुकडे एकामागोमाग, सेकंदाला ६० किलोमीटर वेगानं. १८ तारखेच्या ‘जी’ तुकड्याचा डाग पृथ्वीएवढा मोठा होता. महाराष्ट्रात ऐन आषाढ. संध्याकाळच्या आकाशात गुरू होता, पण आमच्या आणि त्याच्यामध्ये मान्सून. आषाढी त्याच आठवड्यातली, आणि शेवटचा तुकडा पडला त्या दिवशी गुरुपौर्णिमा. वर्तमानपत्रांतल्या भविष्यवाल्यांना यापेक्षा जास्त काय हवं होतं? शूमेकरांना मात्र, ज्या घटनेच्या खुणा ते चाळीस वर्षं दगडांत वाचत आले होते, ती घडताना बघायला मिळाली. गिल्बर्टच्या बाजूनं बोलणारे जे कुणी उरले होते, तेही बहुधा तेव्हाच गप्प झाले. तरी माझं मत बदलत नाही. धूमकेतू दिसायला नशीब लागतं. १९६० साली चंद्राचे धूसर फोटो बघून कुठला पट्टा कशावर पडलाय ते शोधत बसायला वेगळी चिकाटी लागते.

लघुग्रहांचा धोका मोजायला हवा हे त्यांनी १९८१ पासून सरकारी बैठकांत मांडलं होतं. गुरूवरच्या डागांनंतर ते ऐकलं गेलं. २०२२ च्या सप्टेंबरात नासाच्या डार्ट यानानं डायमॉर्फॉस या लहानशा लघुग्रहाला धडक मारून त्याचा मोठ्या जोडीदार लघुग्रहाभोवतीचा फेरा अर्ध्या तासानं कमी केला, त्या सगळ्या खटाटोपाचा उगम त्या बैठकांत आहे.

पृथ्वीवरचे जुने खड्डे शोधायला शूमेकर दांपत्य दरवर्षी ऑस्ट्रेलियात जायचं, कारण तिथली जमीन प्राचीन आणि फारशी न विस्कटलेली. १८ जुलै १९९७ ला, अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या वायव्येला तानामीच्या कच्च्या रस्त्यावर समोरून आलेल्या गाडीशी टक्कर झाली. जीन जागीच गेले, कॅरोलिन गंभीर जखमी झाल्या. त्या पुढं २०२१ पर्यंत होत्या. शूमेकरांची विद्यार्थिनी कॅरोलिन पोर्को यांनी धावपळ करून त्यांची चिमूटभर रक्षा लूनार प्रॉस्पेक्टर यानातून पाठवली. जुलै १९९९ अखेर ते यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या एका विवरात मुद्दाम आदळवलं गेलं. त्या विवराला आता शूमेकरांचं नाव आहे. या प्रकारावर नावाहो या मूळ अमेरिकी जमातीच्या राष्ट्राचे तेव्हाचे अध्यक्ष अल्बर्ट हेल यांनी आक्षेप घेतला होता: चंद्र त्यांना पवित्र आहे, तिथं मृतांचे अवशेष नकोत. नासानं माफी मागितली. शूमेकर ज्या पठारांवर आयुष्यभर हिंडले त्यातली कितीतरी नावाहोंचीच भूमी, त्यामुळं हा आक्षेप मला उगाच काढलेला वाटत नाही.

चांद्रयान ३ दक्षिण ध्रुवाच्या बाजूला उतरल्यावर अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेतल्या लोकांनी प्रज्ञान रोव्हरचे आणि कक्षेतल्या यानांचे फोटो ताडून पाहिले. २०२४ साली त्यांनी सांगितलं की उतरण्याची जागा सुमारे १६० किलोमीटर रुंदीच्या एका बुजलेल्या विवरात आहे. दक्षिण ध्रुव–एटकन या महाकाय खोऱ्याचा उडालेला माल त्या विवरावर पसरलेला आहे. ते खोरंच चंद्रावरच्या सगळ्यात जुन्या गोष्टींपैकी एक, आणि विवर त्याच्या मालाखाली, म्हणजे त्याहूनही जुनं. ती बातमी मी वर्गात वाचून दाखवली आणि विचारलं, हे त्यांना कळलं कसं? मागच्या बाकावरून उत्तर आलं, “सर, खाली आहे म्हणून.” पूर्ण गुण दिले.